गावाचा नकाशा : पावलांपासून उपग्रहापर्यंत



नकाशा म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? वर्गाच्या भिंतीवर टांगलेला भारताचा, नाहीतर महाराष्ट्राचा नकाशा. त्यात पुणे चटकन सापडते. नीट शोधले तर जुन्नरही सापडते. आणे काही सापडत नाही. आता मोबाईलच्या नकाशात आणे दिसते, घाट दिसतो, कल्याण-नगर रस्ताही दिसतो. पण आपल्या ओढ्याचे नाव? बैलगाडीची पाणंद? मळ्यातली चार घरांची वस्ती? भर उन्हाळ्यातही पाणी पुरवणारी विहीर? यांतले पुष्कळसे तिथे नसते.

याचे कारण सोपे आहे. नकाशा आभाळातून पडत नाही. कोणीतरी ते ठिकाण बघतो, मोजतो, नाव विचारतो, तेव्हा ते नकाशात येते. उपग्रहाला घराचे छप्पर दिसते, पण त्या वस्तीला लोक काय म्हणतात हे दिसत नाही. विहिरीचा गोल दिसतो, पण ती मार्चमध्ये आटते की मेमध्ये, हे दिसत नाही. ते आपल्याला माहीत असते. म्हणून संगणकावर नकाशा करण्याची विद्या आपणही शिकली पाहिजे. ती वाटते तेवढी अवघड नाही. पायरीपायरीने पाहू या.

हे आपल्याला कशाला हवे?

आपला जुन्नर तालुका धरणांचा म्हणून ओळखला जातो. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी अशी पाच धरणे तालुक्यात आहेत. पश्चिमेला माळशेजकडे पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडे येता येता ढग रिकामे होतात. आपले पठार पर्जन्यछायेत आहे, शिवाय उंचावर आहे. पाणी उताराकडे धावते, कालव्याहून उंच असलेल्या जमिनीवर ते आपणहून चढत नाही.

आता कोणी साऱ्या तालुक्याच्या पावसाची सरासरी काढली, तर आकडा चांगला दिसेल. त्या सरासरीत आणे, नळवणे, शिंदेवाडी, पेमदरा, आनंदवाडी यांची तहान झाकली जाईल. एका घरात एकाने चार भाकरी खाल्ल्या आणि एक उपाशी राहिला, तर सरासरी दोन-दोन भाकरी झाली! हिशेब बरोबर, पण पोट रिकामेच.

नकाशा सरासरी काढत नाही. कुठे आहे आणि कुठे नाही, हे तो ठिकाणासह दाखवतो. हाच त्याचा मोठा उपयोग.

पायरी पहिली : पावले मोजा

मोबाईल हातात घेण्याआधी वही, पेन्सिल आणि दोरी घ्या.

मैदानावर 100 मीटर अंतर दोरीने किंवा टेपने मोजून दोन खुणा करा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत नेहमीच्या चालीने चाला आणि पावले मोजा. असे तीनदा करून सरासरी काढा. इथे सरासरी चालेल, कारण तीनही वेळा अंतर तेच आहे. समजा 160 पावले झाली. 100 मीटर म्हणजे 10,000 सेंटिमीटर, त्यांना 160 ने भागले तर तुमचे एक पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटरचे झाले. आता शाळेपासून एखाद्या विहिरीपर्यंत 240 पावले झाली, तर अंतर 150 मीटर.

हे अंतर वहीत कसे मावणार? त्यासाठी प्रमाण ठरवावे लागते. 1 सेंटिमीटरला 10 मीटर असे धरले, तर 150 मीटरची रेघ 15 सेंटिमीटरची होईल. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 सालापासून देशाचे नकाशे करीत आला आहे. त्यांच्या 1 : 50,000 प्रमाणाच्या नकाशात 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. त्यात पाणी निळे, जंगल हिरवे, शेती पिवळी आणि उंचीच्या समोच्च रेषा तपकिरी असतात. आपल्या वहीतही हेच रंग वापरावेत, म्हणजे पुढे मोठा नकाशा वाचणे सोपे जाते.

दिशा शोधायला होकायंत्र नसले तरी अडत नाही. मोकळ्या जागेत सरळ काठी रोवा. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपा. सर्वांत आखूड सावलीची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. आपल्याकडे ही वेळ साधारण साडेबाराच्या आसपास येते, बाराच्या ठोक्याला नव्हे. कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. वर्षाच्या बहुतेक दिवसांत ही सावली उत्तरेकडे पडते. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मात्र सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा ती दक्षिणेकडे पडते. करून पाहा!

साखळीतले सोळा आणे

जमिनीच्या मोजणीत आपला पुणे जिल्हा जुना आहे. 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणीची आणि आकारणीची पद्धत बसवली. ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीची साखळी 33 फुटांची. तिचे 16 भाग, आणि एकेका भागाला म्हणत आणा! (आपल्या गावाच्या नावाशी याचा काही संबंध जोडू नका हं, गंमत म्हणून सांगितले.) 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद चौकोन म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. घरात वडीलधारी माणसे अजून गुंठ्यांतच बोलतात. तो हिशेब या साखळीतून आला आहे.

पायरी दुसरी : जागेचा पत्ता

वर्गात मास्तरांनी "तिसरी रांग, दुसरा बाक" म्हटले की नेमका एकच विद्यार्थी उभा राहतो. पृथ्वीवरच्या जागेचे तसेच. अक्षांश म्हणजे रांग आणि रेखांश म्हणजे बाक. आपले गाव उत्तर अक्षांश 19 ते 20 आणि पूर्व रेखांश 74 ते 75 या चौकोनात बसते.

आपल्याच तालुक्यात खोडदला महाकाय दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मिळून ती बनली आहे. ती साधारण 19 अंश 5 मिनिटे उत्तर आणि 74 अंश 3 मिनिटे पूर्व येथे आहे. तबकड्या दूरदूर पसरलेल्या आहेत. प्रत्येकीची जागा अचूक ठाऊक असल्याखेरीज सगळ्यांचे संदेश एकत्र जुळवता येत नाहीत. म्हणजे आभाळ बघायलाही आधी जमिनीवरचा पत्ता पक्का लागतो.

इथे एक चूक फार होते. 19 अंश 5 मिनिटे म्हणजे 19.5 नव्हे! एका अंशात 60 मिनिटे असतात. 5 भागिले 60 म्हणजे 0.083, म्हणून ते 19.083 होते. कोणी 19.5 लिहिले तर खोडदची दुर्बीण सुमारे 46 किलोमीटर उत्तरेला सरकेल.

मोबाईलमध्ये पत्ता दशांश चिन्हाने येतो. दशांश चिन्हापुढचे आकडे किती महत्त्वाचे, ते बघा. अक्षांशातला :

1 अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर
0.1 अंश म्हणजे सुमारे 11 किलोमीटर
0.01 अंश म्हणजे सुमारे 1.1 किलोमीटर
0.001 अंश म्हणजे सुमारे 110 मीटर
0.0001 अंश म्हणजे सुमारे 11 मीटर
0.00001 अंश म्हणजे सुमारे 1 मीटर

(रेखांशाचा एक अंश आपल्याकडे जरा लहान, सुमारे 105 किलोमीटरचा आहे.)

म्हणून वहीत पत्ता उतरवताना पाचही आकडे लिहावेत. "19.1 पुरे झाले" म्हणून थांबलात, तर तुमची विहीर अकरा किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही शोधावी लागेल.

मोबाईलला हा पत्ता कसा कळतो? जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवत फिरत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचले, की ते किती वेळात आले यावरून मोबाईल स्वतःची जागा काढतो. आपल्या देशानेही नाविक ही स्वतःची उपग्रहमाला उभारायला घेतली. तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी सोडला गेला.

मात्र मोबाईलवर आंधळा विश्वास नको. उघड्या आभाळाखाली तो साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकतो. दाट झाडाखाली, घरात, घाटाच्या कड्याशी त्याहून जास्त. पाच मीटर म्हणजे जुन्या साखळीची जवळजवळ निम्मी लांबी. तेव्हा पालकहो, मोबाईल दाखवून बांधाचे भांडण कृपा करून काढू नका! बांधाची हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच ठरते. आपला नकाशा विहीर कुठे, वाट कुठे, वस्ती कुठे हे सांगण्यासाठी आहे.

पायरी तिसरी : बिंदू, रेषा आणि क्षेत्र

संगणकाच्या नकाशात सारे जग तीन आकारांत मांडतात. विहीर, हातपंप, एस.टी.चा थांबा, गुळुंचवाडीजवळचा नैसर्गिक दगडी पूल हे बिंदू. ओढा, पाणंद, रस्ता या रेषा. शेत, गावठाण, पाझर तलाव ही क्षेत्रे.

बिंदूंची रेषा कशी होते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. घाटातून वर येऊन रस्ता आपल्या गावावरून नगरकडे (आता अहिल्यानगर) जातो, त्यावर पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर लागते. तिथे 2009 साली एक बिबट्या विहिरीत पडला होता. वन विभागाने त्याला बाहेर काढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जी.पी.एस.चा पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याचे नाव ठेवले आजोबा. पट्ट्याकडून ठिकाणांचे आकडे येत गेले. ते बिंदू नकाशावर मांडले, तेव्हा सगळे थक्क झाले. हे आजोबा महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडून, सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचले होते! 2011 साली वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. पुढे 2014 साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

यातून एक धडा घ्यायचा. दोन बिंदूंच्या मधे बिबट्या नेमका कुठून गेला, हे बिंदू सांगत नाहीत. आपण त्यांना सरळ रेघेने जोडतो, ती आपली अटकळ असते. तुम्ही ओढा काढताना दोनच ठिकाणचे बिंदू घेतले, तर वळणावळणाचा ओढा पट्टीसारखा सरळ होईल. जिथे वळण, तिथे बिंदू घ्यावा.

पायरी चौथी : नकाशामागचे कोष्टक

साध्या चित्रात आणि संगणकाच्या नकाशात मोठा फरक आहे तो इथे. संगणकाच्या नकाशात प्रत्येक बिंदूमागे हजेरीपत्रकासारखी एक ओळ असते. विहिरींसाठी असे रकाने आखा :

1. विहिरीचा क्रमांक
2. लोक म्हणतात ते नाव
3. अक्षांश
4. रेखांश
5. मोजल्याची तारीख
6. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, मीटरमध्ये
7. पाणी पिण्यासाठी, जनावरांसाठी की शेतीसाठी

महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा घेते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आपणही तेच महिने धरावेत, म्हणजे तुलना करता येईल. ऑक्टोबरमध्ये पावसाने काय दिले ते कळते. मेमध्ये काय उरले ते कळते.

आता या कोष्टकाला रंग द्या. मेमध्येही पाणी असलेल्या विहिरी निळ्या, मार्चनंतर आटलेल्या पिवळ्या, जानेवारीतच कोरड्या पडलेल्या लाल. वेगळ्या पारदर्शक ट्रेसिंग कागदावर ओढे काढा. तिसऱ्यावर बंधारे आणि पाझर तलाव, चौथ्यावर वस्त्या. चारही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरा. निळ्या विहिरी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला आहेत का? लाल विहिरी कोणत्या वस्तीजवळ आहेत? हे प्रश्न आपोआप सुचू लागतात. संगणक करतो तेही हेच. या कागदांना तिथे थर म्हणतात.

हे काम फुकट मिळणाऱ्या साधनांवर होते. क्यूजीआयएस हा नकाशाचा कार्यक्रम 2002 साली सुरू झाला. तो संगणकावर विनामूल्य घेता येतो. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ 2009 साली सुरू झाले. त्यावर उपग्रहाने टिपलेली आपल्या देशाची चित्रे पाहता येतात. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली इंग्लंडात सुरू झालेला जगाचा नकाशा तर लोकांनीच भरलेला आहे. त्यात ठिकाणांची नावे मराठीत, देवनागरीत लिहिता येतात.

आपल्यासारख्यांनी हे केले आहे

आफ्रिकेत केनियाची राजधानी नैरोबी. तिथे किबेरा नावाची भलीमोठी झोपडवस्ती आहे. लाखो माणसे राहत असूनही नकाशात ती जवळजवळ कोरी होती. 2009 साली तिथल्याच तरुण मुलामुलींनी जी.पी.एस. यंत्रे घेतली, गल्लीबोळ चालून काढले आणि पाण्याचे नळ, संडास, दवाखाने, शाळा नकाशावर आणल्या. वस्ती तीच होती. ती नकाशात उमटली, कारण तिथे राहणाऱ्यांनीच ती मोजली.

दूर कशाला, आपल्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, ही तिथली रीत. जमिनीची मोजणी आणि समोच्च रेषांची आखणी खेड्यातली मुले तिथे प्रत्यक्ष शिवारात शिकली. 2002 साली तिथे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब उभी राहिली. आधी हात, मग यंत्र, हा क्रम आपणही धरावा.

आणि नगरजवळचे हिवरे बाजार तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे पाऊस आणि विहिरी यांचा हिशेब करून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि कोणते पीक घ्यायचे ते त्यावरून ठरवते.

सगळ्यांना जमले पाहिजे

प्रत्येकाकडे मोबाईल नसतो. नसू दे. पाच जणांच्या गटाला एक मोबाईल पुरतो. एकाने पावले मोजावीत, एकाने वही लिहावी, एकाने चित्र काढावे, एकाने नावे विचारावीत, एकाने मोबाईल धरावा. दर दिवशी कामे बदलावीत. मोबाईल कायम मुलग्यांच्या हाती आणि वही कायम मुलींच्या हाती, असे होऊ देऊ नये.

नावे विचारण्याचे काम सर्वांत मोलाचे. त्यासाठी आजी-आजोबांजवळ बसा. कोणत्या टेकाडाला काय म्हणतात, कोणता आड बुजला, पूर्वीची वाट कुठून जायची, हे त्यांच्याकडून कळेल. एकाच जागेला दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत.

एखाद्या मित्राला डोळ्यांनी दिसत नसेल, तर त्याच्यासाठी पुठ्ठ्यावर बोटांनी वाचायचा नकाशा करा. रस्त्याला जाड सुतळी, ओढ्याला बारीक वाळू, विहिरीला हरभऱ्याचा दाणा, घराला काडेपेटीचा तुकडा, असे चिकटवावे. असा नकाशा डोळस मुलांनाही पटकन समजतो.

ध्यानात ठेवा

1. विहिरीवर एकट्याने जाऊ नये. मोठे माणूस बरोबर असावे. दोरीला दगड बांधून सोडण्याचे काम मोठ्यांनीच करावे. काठावर वाकू नये.

2. मोजले नसेल तर रकान्यात "मोजले नाही" असे लिहावे, 0 लिहू नये. शून्य म्हणजे काठापर्यंत भरलेली विहीर! आणि विहीर आटली असेल तर "कोरडी" असे अक्षरात लिहावे.

3. कोणाच्या शेतात शिरण्याआधी विचारावे. माणसांची नावे, फोन क्रमांक, कोणत्या घरात कोण एकटे असते, असली माहिती नकाशावर मुळीच टाकू नये.

4. अंदाज हा अंदाज म्हणून लिहावा. कोऱ्या नकाशापेक्षा खोटा नकाशा वाईट. कोरी जागा बघून माणूस विचारतो, खोटी जागा बघून तो चालत सुटतो.

पालकांसाठी दोन शब्द

कोणी म्हणेल, "पोरांनी अभ्यास सोडून विहिरी काय मोजायच्या?" अहो, यात अभ्यासच आहे. भागाकार आहे, दशांश अपूर्णांक आहे, भूगोल आहे, आणि शुद्ध मराठीत नोंद लिहिणेही आहे. शिवाय ग्रामसभेत "आमच्या वस्तीला पाणी नाही" असे नुसते म्हटले, तर ते वाऱ्यावर जाते. या वस्तीजवळच्या अमुक विहिरी अमुक तारखेला कोरड्या होत्या, असा नकाशा पुढे ठेवला तर त्याला उत्तर द्यावे लागते. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावताना वस्तीचा पत्ता नेमका सांगता आला, तर फाट्यावर कंदील घेऊन उभे राहावे लागत नाही.

स्वाध्याय

1. आपले पाऊल किती सेंटिमीटरचे ते काढा.

2. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा 1 सेंटिमीटरला 10 मीटर या प्रमाणात काढा. कागदावर मावला नाही तर प्रमाण बदला, आणि नवे प्रमाण नकाशाखाली लिहा.

3. 74 अंश 15 मिनिटे म्हणजे दशांशात किती?

4. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून, छापील नकाशात नसलेली शिवारातली पाच नावे लिहून आणा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संगणकात सापडणार नाही. ते आधी लिहून आणा. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत ती माणसे आज घरात आहेत, तोवर विचारून घ्यावे.